बंगारामचं पाणी

१९९६ च्या दिवाळीनंतर आमचं बंगारामला जायचं ठरलं, तेव्हा घरातल्या शालेय नकाशात ते बेट काही सापडेना. अरबी समुद्रात केरळच्या डावीकडे आठ-दहा ठिपके होते आणि 'लक्षद्वीप' ही अक्षरंच त्या ठिपक्यांपेक्षा मोठी होती. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिथं डॉक्टर आहे का गं?" डॉक्टर नव्हता. गाव नव्हतं, बाजार नव्हता, वस्तीच नव्हती. सव्वाशे एकरांचं ते एक बेट, त्यावर माड, आणि माडांखाली झावळ्यांनी शाकारलेल्या काही झोपड्या. पर्यावरणाला धक्का न लावता चालवायचं रिसॉर्ट, ही कल्पना आपल्याकडे तेव्हा नवीनच होती.

परवान्याच्या कागदपत्रांत महिना गेला. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपमध्ये पाऊल ठेवायला परवाना लागतो. तेव्हाही लागायचा, आजही लागतो. जानेवारी १९९७ मध्ये आम्ही कोचीला उतरलो. नेदुंबासेरीचा मोठा विमानतळ तेव्हा व्हायचा होता. वेलिंग्डन बेटावरच्या नौदलाच्या धावपट्टीवरून एक छोटं विमान निघालं आणि साडेचारशे किलोमीटर नुसत्या समुद्रावरून उडत राहिलं. मग एकाएकी खाली पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यात कुणी फिकट हिरव्या काचेची बांगडी ठेवावी, तसं काही दिसलं. भूगोलाच्या पुस्तकातला 'कंकणद्वीप' हा शब्द मी शाळेत घोकला होता. अशा बेटाला कंकण का म्हणतात, ते त्या खिडकीतून कळलं.

अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, दोन्ही अंगांना समुद्र. तिथून बंगारामला होडीनं दीड-दोन तास लागले.

माझं माहेर देवबागचं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. त्यामुळे वाळू, माड, खारा वारा यांचं मला अप्रूप नव्हतं. तरीही पहिल्या दिवशी मी गप्प झाले, ती पाण्यामुळे. आमच्याकडचा समुद्र गढूळ, जिवंत, मातकट. नद्या गाळ आणून टाकतात, त्यात मासळी पोसते. बंगारामच्या लगूनमध्ये गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांवरचं नेलपॉलिश दिसत होतं. तिथं नदीच नाही, मग गाळ कुठून येणार?

झोपडीत पंखा होता, मच्छरदाणी होती, एक कंदील होता. टीव्ही, फोन, वर्तमानपत्र यांतलं काहीच नव्हतं. अंघोळीचं पाणी किंचित मचूळ यायचं, आणि गोड्या पाण्याची एक बादली रोज संध्याकाळी दाराशी ठेवलेली असायची. "जपून वापरा," असं ठेवणारा मुलगा हसून सांगायचा. त्याचं कारण त्यानंच मला समजावलं. अशा बेटावर पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखं तरंगत राहतं. विहिरीतून हळूहळू काढलं तर ते गोडं मिळतं. पंप लावून ओढलं की खालचं खारं वर येतं, आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत ती विहीर गेली. देवबागच्या माणसाला हे गणित चटकन कळतं. त्या पाच दिवसांत मी एका बादलीत केस धुवायला शिकले आणि त्यात मला कसलीही अडचण वाटली नाही.

जेवणात कुपा असायचाच. काटे कमी असलेला हा मासा, खोबऱ्याच्या वाटणात. तिथले कोळी तो जाळ्यानं नाही, बांबूच्या लांब काठीला गळ लावून एकेक करून पकडतात. आधी लगूनमधली बारीक जिवंत मासळी धरायची, ती भर समुद्रात पाण्यावर उधळायची. कुप्यांचा थवा वर आला की काठ्या सपासप चालतात. ती बारीक मासळी लगूनमध्ये प्रवाळांच्या आसऱ्यानं वाढते. प्रवाळ नसेल तर आमिष नाही आणि आमिष नसेल तर कुपा नाही. अगत्तीच्या किनाऱ्यावर उकडून, धुरी देऊन, उन्हात कडक वाळवलेले कुप्याचे तुकडे पसरलेले असत. त्याला तिथं 'मास' म्हणतात. लाकडासारखा टणक, पण वर्षभर टिकणारा.

तिसऱ्या दिवशी आम्ही मुखवटा आणि नळी लावून पाण्यात तोंड घातलं.

तो अर्धा तास मला आजही क्षणाक्षणानं सांगता येतो. सांबराच्या शिंगांसारखी फुटलेली प्रवाळं, हरभऱ्याच्या शेतासारखी दाट, आणि प्रत्येक फांदीचं टोक जांभळट निळं. त्यांच्या मधे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे गोल दगड; पण ते दगड नव्हते, तेही जिवंतच. त्या फांद्यांतून हिरव्या-निळ्या चिमुकल्या माशांचा एक ढग बाहेर यायचा आणि माझी सावली पडली की एका दमात परत आत शिरायचा, जणू झाडानं श्वास आत घेतला. आणि आवाज! समुद्राखाली शांतता असते असं मला वाटत होतं. तिथं सतत कुरकुर ऐकू येत होती, शेजारी कुणी खडीसाखर चावत असावं तशी. तो पोपटमासा होता. त्याची चोच खरंच पोपटासारखी असते. तो प्रवाळाचे दगड कुरतडून त्यावरचं शेवाळ खातो आणि उरलेल्या चुऱ्याची वाळू करून मागे सोडतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. ज्या पांढऱ्या पुळणीवर आम्ही चालत होतो, ती अशीच कणाकणानं झालेली.

रात्री लाटेची कड निळसर चमकायची. पाण्यात हात फिरवला की बोटांमागून उजेडाची रेघ उमटायची. ह्यांनी माझं नाव पाण्यावर लिहिलं आणि ते पुरं होण्याआधीच विझलं.

आम्ही परत आलो आणि पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ते घडलं. त्या उन्हाळ्यात एल निनोमुळे समुद्र तापला. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग देतं आणि सूर्यप्रकाशातून अन्न करून पोसतं. पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी जास्त तापलेलं आठवडेच्या आठवडे राहिलं, की हे शैवाल प्रवाळाबाहेर पडतं. प्रवाळ पांढरं पडतं. वेळेत पाणी निवलं तर जगतं, नाहीतर मरतं. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८ मध्ये अशी मोठ्या प्रमाणावर मेली. पुढे २०१०, मग २०१६, मग २०२४. आपण ज्या आळीत राहून आलो त्याच आळीतलं घर पुढच्या वर्षी जळून गेल्याचं कळावं, तसं मला ती बातमी वाचून झालं होतं. परत जायचं धाडस सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झालं नाही, याचं खरं कारण हेच असावं.

जानेवारी २०२५ मध्ये मुलीनं ओढून नेलं. ह्यांना गुडघ्यांमुळे होडीची चढउतार जमत नाही, म्हणून आम्ही दोघीच. परवान्याचा अर्ज ऑनलाइन झाला. आदल्या वर्षी पंतप्रधानांची इथली छायाचित्रं सगळीकडे फिरली होती, त्यामुळे विमानात जागा मिळवायला मात्र पूर्वीपेक्षा जास्त खटपट करावी लागली. अगत्तीत उतरल्यावर मोबाइलला रेंज होती. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्रतळावरून टाकलेली ऑप्टिकल फायबरची केबल सुरू झाली आणि बेटं जगाला नीट जोडली गेली.

इथं मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फोन नसलेल्या त्या बेटाची मला ओढ वाटते, पण ती पाहुणीची ओढ आहे. अगत्तीच्या बाईला बाळंतपणात कोचीच्या डॉक्टरांशी बोलता येतं, मुलाला परीक्षेचा फॉर्म घरून भरता येतो, आणि हे व्हायलाच हवं होतं. पाण्याचंही तसंच. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि खोल समुद्रातल्या थंड पाण्यानं ती वाफ निववून तिचं पाणी करायचं. रोज एक लाख लिटर. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचं हे काम आहे आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. विहिरींवरचा भार यानं हलका झाला.

पण बेटावर राहणाऱ्याची गरज वेगळी आणि चार दिवस आलेल्याची हौस वेगळी. बंगारामवर आता तंबू आहेत, आत एसी आहे, शॉवर हवा तेवढा वेळ चालतो. दाराशी बादली ठेवणारा कुणी नाही. आमच्या शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी पहिल्या संध्याकाळी स्पीकर लावला तो रात्री उशिरापर्यंत. दिव्यांच्या उजेडात लाटेची कड चमकते की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी आणि मुलगी टॉर्च न घेता बेटाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेलो. तिथं अंधार होता, आणि तिथं लाट चमकत होती. लेक पाण्यात हात फिरवत कितीतरी वेळ बसून राहिली. "आई, बाबांनी इथंच लिहिलं होतं?" तिनं विचारलं. जागा तीच होती की नाही, ठाऊक नाही. मी हो म्हणाले.

सकाळी पाण्यात उतरताना छातीत धडधडत होतं. पाणी तसंच होतं, अगदी तसंच नितळ. नखं दिसत होती. आणि मग ती शिंगं दिसली. आडवी पडलेली, मोडलेली, मातकट हिरव्या शेवाळानं लिंपलेली. कोकणात पडक्या वाड्याच्या जोत्यावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तोच रंग. माशांचे ढग नव्हते असं नाही. होते, पण त्यांना शिरायला घर कमी होतं. मी मुखवट्याच्या आत रडले. पाण्याखाली रडताना काच धुरकट होते, हे मला तेव्हा कळलं.

नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे शास्त्रज्ञ १९९८ पासून अगत्ती, कडमत, कवरत्तीच्या प्रवाळांवर नजर ठेवून आहेत. त्यांच्या मोजणीप्रमाणे जिवंत प्रवाळांचं आच्छादन चोवीस वर्षांत ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. प्रत्येक तडाख्यानंतर प्रवाळं पुन्हा उभी राहतात, पण त्यासाठी त्यांना मधे काही निवांत वर्षं मिळावी लागतात. पहिल्या दोन तडाख्यांत बारा वर्षं होती. मग सहा, मग आठ.

मुलीनं मला हाताला धरून पुढे नेलं आणि बोटानं दाखवलं. एका मेलेल्या मेंदूप्रवाळाच्या माथ्यावर आमटीच्या वाटीएवढं नवं प्रवाळ रुजलं होतं. फांद्या अजून करंगळीएवढ्या, आणि टोकं जांभळट निळी. त्याच्या पलीकडे आणखी एक. मी श्वास रोखून थांबले, आणि तेव्हा ती कुरकुर ऐकू आली. पोपटमासा अजून खडीसाखर चावत होता.

परतीच्या होडीत मी होडीवाल्या काकांना विचारलं, परळी कुठली? याच कंकणात बंगारामच्या जोडीला तिन्नकरा आहे आणि परळी नावाच्या तीन चिमुकल्या पुळणी होत्या. १९९७ मध्ये हे नाव ऐकून मला वैजनाथाची परळी आठवली होती, म्हणून ते लक्षात राहिलं. काकांनी दोन बोटं वर केली. तिसरी कुठंय, असं विचारल्यावर त्यांनी सपाट पाण्याकडे नुसता हात केला आणि तोडक्या हिंदीत म्हणाले, "उधर था, मॅडम." १९६८ मध्ये त्या परळीचं क्षेत्र ०.०३२ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे जवळपास आठ एकर. देवबागमध्ये तेवढ्यात दहा-पंधरा कुटुंबांच्या वाड्या बसतात. २०१७ मध्ये एका संशोधकाच्या अभ्यासातून पुढे आलं की ते बेट पूर्ण झिजून गेलं आहे.

ही बेटं समुद्रसपाटीपासून माणसाच्या उंचीएवढीच काय ती वर असतात. भर समुद्राची लाट त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी प्रवाळाच्या कडेवर फुटते, म्हणून ती टिकतात. कड मेली की ती हळूहळू झिजते, लाट आत येते, आणि नवी वाळू व्हायचीही कमी होते. म्हणजे प्रवाळ हे तिथल्या माणसांच्या पायाखालची जमीन आहे. समुद्र तापतो तो लक्षद्वीपच्या माणसांनी काही केल्यामुळे नव्हे. पण तापलेल्या समुद्रातून सावरू पाहणाऱ्या त्या वाटीएवढ्या प्रवाळावर वरून सांडपाणी, होड्यांचे नांगर आणि पर्यटकांचे पाय यांचा भार घालायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. सुहेली आणि कडमतवर मोठी रिसॉर्टं उभारायचं जाहीर झालं आहे. ती होतील, आणि आपल्यातले पुष्कळजण तिथं जातील.

जरूर जा. पाण्यात उभं राहायचं झालं तर पाय वाळूवरच ठेवा, प्रवाळावर कधीच नाही. नेलेली प्रत्येक बाटली, प्रत्येक बॅटरी परत कोचीला आणा. आणि पैसे भरण्याआधी रिसॉर्टला दोन प्रश्न विचारा: तुमचं गोडं पाणी कुठून येतं, आणि तुमचं सांडपाणी कुठं जातं? दोन्हींचं सरळ उत्तर मिळालं तरच खोली घ्या.