रिकाम्या मैदानातील तीन गुण

जो जिंकतो त्याची आठवण जग ठेवते. ज्याने पराभवाला काही काळ दारातच थोपवून धरले, त्याची आठवण ठेवणारे थोडे. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात, बडोद्याच्या अलकापुरीतील आमच्या घरी, ही गोष्ट मला फुटबॉलच्या खेळाने शिकवली.

महामारीची दुसरी लाट ऐन भरात होती. रात्री आठ वाजता संचारबंदी सुरू होई. एरवी स्टेशनाकडील वर्दळीने गजबजणारी अलकापुरी तेव्हा इतकी निःशब्द होई की, रुग्णवाहिकेचा आवाज तेवढा ऐकू यावा. वडिलांनाही त्या रोगाची बाधा झाली होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते मागच्या खोलीत एकटे राहत. मी बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसत असे.

वडिलांनी तरुणपणी नोकरीनिमित्त काही वर्षे मडगावात काढली होती. फुटबॉलचे वेड त्यांना तेथेच लागले. योगायोग असा की, त्याच मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्या महिन्यात आशियाई चॅम्पियन्स लीगचे सामने भरले होते. खंडातील अव्वल क्लबांच्या या स्पर्धेच्या गटफेरीत खेळणारा एफ. सी. गोवा हा पहिलाच भारतीय संघ. समोर कतारचा अल रय्यान, अबू धाबीचा अल वाहदा आणि मागल्या वर्षीचा उपविजेता, इराणचा पर्सेपोलिस! प्रेक्षकांना मज्जाव असल्याने आमचे खेळाडू घरच्या मैदानावरही एकाकीच होते. वडील आत मोबाईलवर सामना पाहत, मी बाहेर.

१४ एप्रिलला अल रय्यानशी सामना झाला. १९९८ साली विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघातील लोराँ ब्लाँ त्यांचे प्रशिक्षक होते. गोव्याच्या गोलापुढे मणिपूरचा तरुण गोलरक्षक धीरज सिंग उभा होता. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. १७ तारखेला अल वाहदाशीही तेच घडले. मी जरा निराशेने म्हणालो, “बाबा, आपला एकही गोल झाला नाही.” आतून, धाप लागत असतानाच, उत्तर आले, “आपल्यावर तरी कुठे झाला? आजचा दिवस राखला ना, मग पुष्कळ झाले.”

२० तारखेला ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने डोक्याने गोल केला आणि काही मिनिटे आमचा संघ पर्सेपोलिसच्या पुढे होता. अखेर २-१ असा पराभव झाला. २३ तारखेला त्याच संघाने चार गोल चढवले. त्या रात्री वडिलांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण नव्वदच्या खाली गेले होते. माझे चित्त सामन्यात नव्हते. मी तो बंद केला. आतून क्षीण आवाज आला, “लाव परत. आपली माणसे हरत असताना उठून जाऊ नये.” मी मुकाट्याने सामना पुन्हा लावला आणि शेवटच्या शिटीपर्यंत दारापाशी बसून राहिलो.

२६ तारखेला होर्खे ओर्तिसने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. विजय हाती येणार असे वाटत असतानाच, अगदी अखेरच्या क्षणी अल रय्यानने बरोबरी साधली. २९ तारखेला अल वाहदाकडून २-० अशी हार झाली. तीन बरोबऱ्या, तीन पराभव, गुण तीन! तरीही अल रय्यानला मागे टाकून गोव्याने चौघांत तिसरे स्थान मिळवले. वडिलांचेही तसेच झाले. एकेक दिवस राखीत ते मे महिन्यापर्यंत पोहोचले आणि एके सकाळी डॉक्टरांच्या अनुमतीने ते दार उघडले.

पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात, आशियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेसाठी, सौदी अरेबियाचा अल नस्र संघ फातोर्ड्यास आला. त्यांचा जगविख्यात रोनाल्डो आला नाही. ब्रायसन फर्नांडिसने गोव्याचा गोल केला, पण सामना आपण २-१ असा गमावला. या वेळी मात्र मैदानात प्रेक्षक होते. त्यांचा जल्लोष ऐकून वडिलांचा चेहरा उजळला. सामना संपताच मी उठू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवले. खेळाडू मैदान सोडून जाईपर्यंत आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून होतो. आमच्यामध्ये आता दार नव्हते.