पपनसावरच्या अळ्या

आठवीत असताना वसतिगृहाच्या बागेतील श्रमदान आमच्या गटाकडे होते. स्वयंपाकघरामागच्या पपनसाच्या कोवळ्या रोपावर अळ्या पडल्या. त्या वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकण्याचे काम मी मोठ्या उत्साहाने पत्करले. सकाळच्या वंदनेत पहिले शील मीही म्हणत असे. परंतु अळीचा त्या शीलाशी काही संबंध असेल, असे कधी मनातच आले नव्हते. लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत. पक्ष्यांची नजर चुकविण्याची ती युक्ती आहे, हे पुढे कळले. मोठ्या अळ्या पानासारख्याच हिरव्या. बोट लागताच त्यांच्या डोक्यामागून दोन मऊ शिंगे बाहेर येत आणि उग्र दर्प सुटे. त्या दर्पाने माझा हात अधिकच निर्दय होई.

विज्ञानाच्या सरांनी हे पाहिले. ते रागावले नाहीत. उरलेली एक अळी त्यांनी काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला फडके बांधले आणि तिला रोज ताजी पाने घालण्याचे काम मला दिले. काही दिवसांनी तिने रेशमी धाग्याने स्वतःला काडीशी बांधून घेतले व ती निश्चल झाली. ती मेली, असे मी धरून चाललो.

मग एका सकाळी बरणीत ओले, चुरगळलेले पंख दिसले. हळूहळू ते उलगडले. काळ्या मखमलीवर फिकट निळाई, मागच्या पंखांवर काळे ठिपके. रुंदी १२ सेंटिमीटरहून अधिक. "राणी पाकोळी," सर म्हणाले. तिच्या कुळातील अनेकांना पंखांमागे शेपटी असते, हिला नसते. सह्याद्रीच्या जंगलांत आणि श्रीलंकेत तिचा वास. माकडलिंबू, पपनस अशा लिंबूवर्गीय झाडांवर तिची अंडी. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून क्षार शोषणारे नर मी नंतर पुष्कळदा पाहिले.

२०१५ साली महाराष्ट्राने हिलाच राज्य फुलपाखराचा मान दिला. 'नीलवंत' हेही तिचे एक नाव. वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहताना मला मात्र तो रॉकेलचा डबा आठवला. त्यातील अळ्या मी मोजल्या नव्हत्या.

गेल्या पावसाळ्यात शाळेत गेलो होतो. पपनसाचे झाड आता कौलांच्या वर गेले आहे. माळीदादांनी कुरतडलेली पाने दाखवून औषध मारू का, असे विचारले. एवढ्या झाडाची चार पाने गेली तर बिघडत नाही, असे मी म्हणालो. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही.