सकाळच्या गोळीसोबतचे दूध

सकाळी सात वाजता लेव्होडोपाची गोळी आणि ती नीट उतरावी, शिवाय अंगात थोडी शक्ती यावी म्हणून तिच्यासोबत प्रथिनांची पूड घातलेले पेलाभर दूध. त्यानंतर को-एन्झाइम क्यू टेनची एक कॅप्सूल, 'ई' जीवनसत्त्वाची एक. वाचकहो, कंपवात झालेल्या पतीसाठी याहून काळजीपूर्वक क्रम मला सुचला नसता. तरीही ह्यांचे पाय दहा वाजेपर्यंत उंबरठ्यापाशी खिळल्यासारखे थबकत. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडत, आणि मी म्हणे, "जरा मनावर घ्या ना!" हे वाक्य आज लिहितानाही हात अडखळतो.

कॅप्सूलमागचा माझा विचार अगदीच खुळा नव्हता. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के. पण आपण स्वस्थ बसलेले असतानाही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. पेशींतील तंतुकणिका ग्लुकोज व प्राणवायूपासून ऊर्जा निर्माण करतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे या व्यवहारात मुक्त मूलके म्हणून ओळखले जाणारे अस्थिर कण बाहेर पडतात. निरोगी पेशी ते विझवीत राहते. तंतुकणिका दुबळ्या झाल्या की ऊर्जा घटते आणि ठिणग्या वाढतात; त्या ठिणग्यांनी तंतुकणिका आणखी पोळतात. या दुष्टचक्रालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात.

कंपवातात ज्यांचा ऱ्हास होतो, त्या डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा संसार तर फारच खर्चिक. एकेका पेशीच्या शाखा मेंदूत दूरवर पसरलेल्या, अखंड स्पंदन चालू, आणि खुद्द डोपामिनचे विघटन होतानाही ठिणग्या पडतात. आजार लक्षात येतो तोवर यांतील बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

तंतुकणिकांवरचा संशय बळावला तो एका विलक्षण घटनेमुळे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी अकस्मात वृद्ध कंपवातग्रस्तांसारखे ताठरले. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचे रसायन होते. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी त्याचा माग काढला. पुढे कळले की शरीरात या रसायनापासून बनणारे विष तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मितीची पहिलीच पायरी रोखते. 1989 मध्ये कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतही नेमकी हीच पायरी दुबळी आढळली.

मग ठिणग्या विझवणारे औषध दिले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. मला वाटले, संशोधकांनाही वाटले होते. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 800 रुग्णांवरील अमेरिका व कॅनडातील चाचणीत 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आजाराची वाटचाल मंदावली नाही. को-एन्झाइम क्यू टेनच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2014 मध्ये आला, तोही निराशेचाच. पेशींच्या ऊर्जेला हातभार लावील म्हणून तपासलेले क्रिएटिनही 2015 मध्ये निरुपयोगी ठरले. पेशीत काय बिघडते हे समजणे आणि ते बाहेरून दुरुस्त करता येणे यांत केवढे अंतर असते! औषधाच्या वेष्टनावर मात्र हे अंतर कोणी छापत नाही. (ह्यांना रक्त पातळ करणारी गोळीही चालू होती. 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने अशा रुग्णांत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हे मी कोणाला विचारलेच नव्हते.)

हे सारे डॉक्टरांनी एका भेटीत शांतपणे सांगितले. मी कॅप्सूलच्या रिकाम्या डब्या हिशेबासारख्या टेबलावर मांडल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि विचारले, "काकू, सकाळची गोळी कशासोबत देता?"

"दुधासोबत. प्रथिनांची पूड घालून."

डॉक्टर क्षणभर थांबले. लेव्होडोपा हे स्वतः एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाण्यासाठी त्याला जी दारे लागतात, तीच दारे प्रथिनांतील काही अमिनो आम्लांनाही लागतात. दुधाची गर्दी झाली की गोळी दाराबाहेर ताटकळते. शक्ती यावी म्हणून दिलेला पेलाच गोळीची वाट अडवीत होता, आणि बोल मी ह्यांच्या मनाला लावीत होते.

आता गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्यासोबत. मळमळ झाली तर बिस्किटाचा तुकडा. प्रथिने मात्र बंद केलेली नाहीत. या वयात स्नायू जपावे लागतात. वरण, दही, उसळ यांचा मोठा वाटा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रात्रीच्या जेवणाकडे सरकवला. आपल्या घरी असा बदल करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. प्रत्येक रुग्णाचे गणित निराळे असते. कॅप्सूलवर जाणारे पैसे आता फिजिओथेरपीकडे जातात. नियमित व्यायामाने चाल आणि तोल सुधारतो, याला चाचण्यांचा चांगला आधार आहे.

आजार थांबलेला नाही. वाईट दिवस येतातच, आणि दुपारी गोळीचा अंमल ओसरला की पाय पुन्हा जड होतात. पण परवा सकाळी आठच्या सुमारास हे आरशासमोर उभे राहून सदऱ्याच्या गुंड्या लावीत होते. मी दारात उभी होते, हात मागे बांधून. पाचवी गुंडी बराच वेळ घरात शिरेना. मी पुढे पाऊल टाकणार तोच हे न वळता म्हणाले, "अगं, थांब. लागतेय."

चहा निवला. आम्ही तो पुन्हा गरम केला.