मोत्याचा समुद्र

आमच्या बागलाणात समुद्र सोडून बहुतेक सर्व काही आहे. कळसूबाईच्या खालोखाल उंचीचे साल्हेरचे शिखर आहे, मांगीतुंगीला डोंगरात कोरलेली १०८ फुटी मूर्ती आहे, देवमामलेदारांची यात्रा आहे आणि कांदा तर इतका आहे की भाव पडला म्हणजे तो नसता तर बरे झाले असते असे वाटते. पाणी मात्र आरम नदीतही उन्हाळ्यात शोधावे लागते. तेव्हा आमच्या घरात समुद्र पाहिलेले कुणीच नव्हते यात नवल नाही. नाना, म्हणजे माझे चुलते, डाळिंबाच्या गाडीबरोबर वाशीच्या बाजारात जात. तिथली खाडी पाहून आल्यावर 'समुद्र काय, आपल्या धरणासारखाच' असा निकाल त्यांनी देऊन टाकला होता.

आजीला हरिहरेश्वर पाहायचे होते. आजोबा होते तेव्हापासून हे चालले होते. आधी पाऊस नाही म्हणून राहिले, मग डाळिंबावर तेल्या आला म्हणून राहिले, मग आजोबाच राहिले नाहीत. या वर्षी लाल कांद्याचे दोन पैसे हाती आले आणि महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर जायचे ठरले. आजीने एकच अट घातली. मोत्या बरोबर येणार.

मोत्या हा आजोबांचा कुत्रा. जात विचाराल तर गावठी. बारा वर्षे त्याने मळ्याची राखण केली. रानडुकरे हाकलली आणि एकदा कांदाचाळीत शिरलेला चोरही पकडून दिला. (तो चोर नव्हता, आमचा मावसभाऊ होता, पण मोत्याच्या हेतूबद्दल शंका नको.) आजोबा गेल्यावर तो तीन दिवस विहिरीच्या कठड्यापाशी बसून होता. त्याला मागे ठेवायला आजी तयार नव्हती. आप्पा म्हणाले, "तीर्थाला कुत्रा नेतात का?" आजी म्हणाली, "धर्मराजाने स्वर्गापर्यंत नेला, तुला श्रीवर्धनपर्यंत जड जातो का?" यावर आप्पांजवळ उत्तर नव्हते.

नाशिक, कसारा घाट, पनवेल, माणगाव, म्हसळा असा तो प्रवास. पिकअपच्या हौद्यात गाद्या, त्यावर आजी आणि आजीच्या मांडीवर मोत्याचे डोके. कुत्रा घेऊन हिंडणाऱ्याला जग किती अरुंद आहे ते मुक्काम शोधताना कळते. एका ठिकाणी खोली होती. मोत्याला पाहिल्यावर ती नाहीशी झाली. दुसऱ्या ठिकाणी गाडीत बांधून ठेवा म्हणाले. शेवटी आम्ही सगळेच गाडीत झोपलो.

हरिहरेश्वरी रीत अशी की आधी काळभैरवाचे दर्शन घ्यायचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे. काळभैरवाचे वाहन कुत्रा, हे आजीने मला सांगितले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद होता. तरीही मोत्याला आम्ही आवाराबाहेरच धरून ठेवले आणि आळीपाळीने आत गेलो. देवळामागे पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीच्या लाटेने तिथे माणसे ओढून नेली आहेत. आजी वर बसली. तिने समुद्राकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "धरणासारखा नाही." नाना दुसरीकडे पाहू लागले. खाली किनाऱ्यावर मोत्या पहिल्या लाटेला भुंकला, दुसरीला मागे सरला आणि तिसरी प्यायला. मग त्याने सगळे ओकून टाकले. आजी म्हणाली, "अरे येड्या, पानी खारं शे!"

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून पलीकडे वेश्वीला फेरीबोट जाते. गाडीसकट आपण सावित्रीची खाडी ओलांडतो आणि रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीत उतरतो. समोर बाणकोटचा किल्ला दिसतो. इंग्रजांनी तो घेऊन त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. तिथून जवळच वेळास. नाना फडणवीसांचे हे गाव आता कासवांमुळे ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, कोरड्या वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि निघून जातात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. जी राहत ती कोल्ही-कुत्री खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि पन्नासएक दिवसांनी निघालेली पिल्ले समुद्राकडे सोडतात.

गावातल्या ज्या घरी आम्ही उतरलो तिथल्या काकूंनी मोत्याला पाहून नाक मुरडले नाही. ताटलीत भातही घातला. फक्त म्हणाल्या, "हा रात्री पडवीत बांधायचा हो. आणि किनाऱ्यावर मोकळा सोडायचा नाही." मी होय म्हटले.

आता जे लिहायचे आहे ते घरी मी कुणाला आपणहून सांगितले नव्हते.

पंचमीच्या पहाटे मला जाग आली. सगळे निजले होते. बारा वर्षे मळ्यात राखण केलेल्या प्राण्याला एकदा तरी मोकळे धावू द्यावे, एवढा लांब किनारा पुन्हा त्याला कुठून मिळणार, असे मनात आले. सुरूच्या बनातून खाली उतरले आणि साखळी सोडली. म्हातारा मोत्या असा धावला की मला हसू आले. मी लाटांकडे पाहत राहिले. किती वेळ कोण जाणे. मागे वळले तेव्हा तो वर कोरड्या वाळूत खणत होता. मला वाटले, खेकडा असेल.

खेकडा नव्हता. पांढरी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची अंडी होती. पाच फुटली होती. मोत्याच्या नाकाला पिवळे लागले होते आणि तो शेपूट हलवत माझ्याकडे पाहत होता, मळ्यात घुशीचे बीळ शोधून काढल्यावर पाहतो तसाच. मला त्याला मारताही येईना. तिकडे ज्याला राखण म्हणतात तेच इथे चोरी झाले होते, आणि ते त्याला कोण सांगणार? सांगितले होते ते मला.

वाळू लोटून निघून जावे असे मनात आले, हे लपवत नाही. तेवढ्यात रात्रीची घरटी शोधत फिरणारा कासवमित्र दुरून येताना दिसला. मी हात केला. तो आला, बघितले, मोत्याला साखळी लावेपर्यंत थांबला. रागावला असता तर बरे झाले असते. त्याने एकेक अंडे काढून मोजले. एकशे सतरा. पाच वजा. वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला आणि पुढे 'कुत्रा' एवढाच शब्द. मी म्हटले, "कुत्र्याचा दोष नाही, माझा आहे." तो म्हणाला, "वहीत तेवढी जागा नाही."

घरी आल्यावर काकूंना मी सगळे सांगितले. त्यांनी चहा पुढे ठेवला आणि बोटांवर हिशेब सुरू केला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. आज पंचमी, म्हणजे पावणेचारला. उद्या षष्ठी, साडेचार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. "कासव अंडी घालते ती भरतीच्या रेषेच्या वर. ओहोटीला जी ओली वाळू उघडी पडते तिच्यात घरटे नसते. तिथे फिरव त्याला. साखळी धरून. वर यायचे नाही." भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते हे भूगोलाच्या पेपरात मी लिहिले होते आणि गुणही मिळवले होते. पण पन्नास मिनिटे म्हणजे तिथीमागे पाऊण तास, आणि त्यावर कुत्र्याने कुठे चालावे हे ठरते, हे आमच्या पुस्तकात नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी टोपल्या उचलून पिल्ले सोडली. तळहाताच्या निम्मीही नसतील. काही सरळ गेली, काही लाटेने पुन्हा वर आली आणि पुन्हा निघाली. हजारातून एखादेच मोठे होते असे सांगतात. मोत्या पडवीत बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी, आजी आणि तो, असे ओल्या वाळूवरून चाललो. आजीने लुगडे घोट्यापर्यंत वर घेतले होते. मोत्याचे पाय लाटेत बुडत आणि तो दर वेळी दचके. निघण्यापूर्वी काकूंच्या विहिरीवर त्याला गोड्या पाण्याने धुतला, नाहीतर मिठाने खाज सुटते.

परतीच्या वाटेवर आजी म्हणाली, "त्या दिवशी त्याच्या नाकाला काय लागले होते?" मी सांगितले. ती माणगाव येईपर्यंत बोलली नाही.

एप्रिलमध्ये परीक्षेचे दिवस असताना मी काकूंना फोन केला. 'कुत्रा' लिहिलेले घरटे उबले होते. त्र्याऐंशी पिल्ले समुद्रात गेली होती. आजीला जाऊन आकडा सांगितला. ती चाळीपाशी कांदे निवडत होती आणि मोत्या सावलीत पडला होता. तिने एक सडका कांदा बाजूला टाकला आणि म्हणाली, "आणि ती पाच?"

मोत्याने एक कान हलवला.