फुंकायचं नाही, ओढायचं

माझ्या आईने उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही, साधी मिश्रीही लावली नाही. तरी साठी उलटल्यावर तिला सीओपीडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार निघाला. जालना जिल्ह्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. उन्हाळ्यात तुराट्या-पऱ्हाट्या, पावसाळ्यात अर्धवट ओल्या गोवऱ्या, असं तिचं सरपण. भाकरी होईपर्यंत तोंड धुरात. स्पायरोमेट्रीची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं की श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत. हा आजार मुळासकट जात नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. चूल त्यांनी त्याच दिवशी बंद करायला लावली. गॅसवरच्या भाकरीला चव नाही, हे आईचं म्हणणं मला मान्य आहे. पण छातीत औषध आणि नाकात धूर, हे एकत्र चालणार नाही.

चिठ्ठीवर दोन औषधं होती. एक पावडरची कॅप्सूल, रोज सकाळ-संध्याकाळ यंत्रात घालून ओढायची. दुसरा पंप, धाप लागली तरच मारायचा. आई एकदम घाबरली. "गोळी द्या म्हणावं. पंप लागला म्हंजी माणूस सरला. अन् त्याची सवय लागती म्हणतात, माय." हेच वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो, कारण या भीतीपायी माणसं वर्षानुवर्षं धापा टाकत बसतात. पंपात असतं त्या साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतकं. ते थेट श्वासनलिकेत उतरतं, म्हणून एवढंसं पुरतं. हात थरथरणं, छाती धडधडणं हे त्रास गोळीने जास्त होतात. सवय लागण्याचं म्हणाल, तर औषध रोज लागतं ते आजार रोजचा आहे म्हणून.

आईने औषध सुरू केलं, पण फरक पडेना. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी खाटेवर टेकायची. पुढच्या भेटीत मात्रा वाढवायचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, यंत्र आणलंय ना? माझ्यासमोर घ्या बरं." आईने यंत्र ओठांना लावलं आणि फुंकणीने जाळ करावा तशी जोरात फुंक मारली. पांढरी पावडर तिच्या पदरावर पडली. जन्मभर ज्या हाताने फुंकणी धरली, त्या हाताला नळी दिसली की फुंकायचंच, हे साहजिक होतं. औषध विकणाऱ्याने दुकानाच्या काउंटरवर घाईत जे सांगितलं, त्यात हे कुठून कळणार?

सिस्टरांनी तिला शेजारी बसवून घेतलं. कॅप्सूल पाकिटातून ऐनवेळी काढायची, तीही कोरड्या हाताने. यंत्रात ठेवून मिटलं की आतल्या सुया तिला टोचतात. मग मान बाजूला वळवून श्वास पूर्ण सोडायचा. यंत्रात सोडला तर वाफेने पावडर भिजते. आता ओठ घट्ट मिटून एका दमात, जोर लावून, खोल ओढायचं. आतली कॅप्सूल फिरली की बारीक खडखड ऐकू येते. ती ऐकू आली की समजायचं, जमलं. नंतर 10 सेकंद, नाही तर झेपेल तितका, श्वास कोंडायचा. शेवटी झाकण उघडून कॅप्सूल बघायची. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. कॅप्सूल गिळायची मात्र नाही. पोटात जाऊन तिचा छातीला काही उपयोग होत नाही.

पंपाची रीत याच्या उलटी, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पावडर जोरात ओढायची. पंपाचं औषध मात्र हळू, सावकाश आत घ्यायचं. आधी डबी हलवायची आणि टोपण काढून पंपाच्या तोंडात काही अडकलं नाही ना ते पाहायचं. आईला दाबणं आणि ओढणं एकाच वेळी साधत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी स्पेसर दिला. त्या नळकांड्यात फवारा मारला की औषध क्षणभर थांबतं, घाई होत नाही. दुसरा फवारा लगेच नाही. पहिल्यानंतर अर्धा-एक मिनिट जाऊ द्यायचं.

मध्येच आईचं तोंड आलं. जिभेवर पांढरे चट्टे, तिखट सोसेना, आणि तिने कुणाला न सांगता कॅप्सूल बंद केली. त्या कॅप्सूलमध्ये स्टेरॉइड होतं. ते तोंडात राहिलं की बुरशी धरते. उपाय साधा: औषध घेतलं की खळखळून चूळ भरायची आणि पाणी थुंकायचं. डॉक्टरांनी चट्ट्यांवर औषध दिलं, कॅप्सूल पुन्हा सुरू झाली. परस्पर बंद करणं हा फार महागात पडणारा प्रकार आहे; बरं वाटतंय म्हणून बंद करणं तर सर्वांत जास्त.

पावसाळ्यात कॅप्सूली पाकिटातून काढून डब्यात भरून ठेवू नयेत, ओल धरते. पंपाची डबी चुलीपाशी किंवा उन्हात नको, ती दाबाखाली भरलेली असते.

आता आई अंगणात बसून भाजी निवडते, शेजारणीशी गप्पा मारते. बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या आठवड्यात पंप नेहमीपेक्षा जास्त लागला, याच्याकडे मी डोळा ठेवून असते. तो वाढला की डॉक्टरांकडे जायचं, आपल्या मनाने फवारे वाढवायचे नाहीत. आणि ओठ-नखं निळसर दिसली, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा झापड येऊ लागली, तर घरी थांबायचंच नाही.

तुमच्या घरात कुणी इनहेलर घेत असेल, तर पुढच्या तपासणीला फक्त चिठ्ठी नेऊ नका. यंत्र, पंप, स्पेसर सगळं पिशवीत घाला, आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरांना म्हणा: आम्ही तुमच्यासमोर घेतो, बरोबर आहे का ते बघा.