माझे दत्तक पॅकेज

माणसाला कसले छंद जडावेत याला काही धरबंध नसतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी गच्चीवर गुलाब लावतो. मी एक पॅकेज सांभाळतो. हे कळले की पाहुणे आधी माझ्याकडे आणि मग सौभाग्यवतीकडे सहानुभूतीने पाहतात.

तेव्हा थोडा खुलासा करतो. डेबियन नावाची एक संगणकप्रणाली आहे. इयान मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली तिची मुहूर्तमेढ रोवली आणि मैत्रीण डेब्रा हिच्या नावाला स्वतःचे नाव जोडून तिचे बारसे केले. ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. तिच्यात हजारो प्रोग्रॅम असतात. प्रोग्रॅम लिहिणारा निराळा आणि इतरांशी त्याचे जमावे अशा बेताने त्याची वळकटी बांधणारा निराळा. ही वळकटी म्हणजे पॅकेज.

"एकदा बांधलं ना? मग रोज रात्री काय करता?" सासूबाईंनी विचारले.

"लोणचं घालून बरणी फळीवर ठेवली, की झालं का?"

"झालं कसं? तेल वर आहे की नाही ते बघायला नको?"

त्यांना पुढे काही समजावावे लागले नाही. भोवतालचे प्रोग्रॅम सतत बदलतात आणि काल सुरळीत चालणारे आज हटून बसते. शिवाय जुन्या पद्धतीचे संगणक १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजतात आणि त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. त्यासाठी डेबियनमध्ये २०२४ सालीच असंख्य पॅकेजे पुन्हा बांधली गेली. चौदा वर्षे आधी! आमच्या सोसायटीची मीटिंग टाकी गळू लागल्यावर भरते.

सांभाळणारा थकला की तो पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर करतो. हा तिथला अधिकृत शब्द आहे. सात वर्षांपूर्वी असेच एक अनाथ मी दत्तक घेतले. मूळ लेखक पत्राला उत्तर देत नाही. तक्रारी येतात, चांगले चालले आहे असे कळवायला मात्र कोणी पत्र लिहीत नाही, आणि ते बरोबरच आहे. नळाला पाणी आले म्हणून आपण तरी कुठे पत्र लिहितो?

पण गेल्या वर्षी डोळे कुरकुरू लागले, तेव्हा सोडावे असे मनात आले. नेमके त्याच सुमारास एका परदेशी अनोळखी गृहस्थाने एक दुरुस्ती पाठवली. नेटकी होती. महिन्याने दुसरी आली. मग पत्र आले : आपला भार थोडा हलका करू का?

एरवी मी पेढे वाटले असते. पण मार्च २०२४ मधले एक्सझेडचे प्रकरण आठवले. फाइली दाबून लहान करणारा हा प्रोग्रॅम बहुतांशी एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. 'जिया तान' या नावाच्या कोणीतरी सुमारे दोन वर्षे निमूट मदत करून त्याचा विश्वास मिळवला, हाती किल्ल्या आल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामात अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले आणि त्याने तो माग काढला. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्तीपर्यंत ते पोहोचले होते. स्थिर आवृत्ती वाचली.

तेव्हापासून सौजन्याचे पत्र आले की मी ते दोनदा वाचतो. तो बिचारा सज्जन असेल, तर माझ्या संशयाने दुखावून निघून जाईल. मग माझ्यामागे हे पोर पुन्हा अनाथ.

"अहो, भाडेकरू ठेवताना पहिल्याच दिवशी तिजोरी दाखवतात का?" ही म्हणाली. "खोली तर द्या."

पॅकेजच्या कागदावर माझ्या नावाखाली मी त्याचे नाव लिहिले. पॅकेज भांडारात चढवण्याची किल्ली तूर्त माझ्याकडेच ठेवली आहे. काल त्याची तिसरी दुरुस्ती आली. अकरा ओळींची आहे. सातव्या ओळीबद्दल मी त्याला एक प्रश्न विचारला आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे.