फेऱ्या वाढल्या म्हणून

मुलाखतीच्या फेऱ्या जितक्या जास्त तितकी निवड स्वच्छ, असं माझं ठाम मत होतं. ते परभणीतच बनलं. इकडे खाजगी संस्थांतल्या जागांच्या मुलाखती पाच मिनिटांत उरकताना पाहिल्यात. नाव आधीच ठरलेलं, बाकीचे नुसते सहीपुरते. म्हणून भाच्याला मुंबईतल्या एका परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकेने ऑनलाइन परीक्षेनंतर एकामागून एक मुलाखतींना बोलावलं, तेव्हा मला बरंच वाटलं. चिठ्ठी नाही, ओळख नाही. दहा अनोळखी माणसं तपासतील, एकाचा पूर्वग्रह दुसरा खोडून काढेल. देवगिरी एक्स्प्रेसची तिकिटं वाढली, हातातल्या नोकरीच्या रजा संपल्या, ताई कुरकुरली. मोठ्या ठिकाणी असंच असतं, म्हणून मीच तिची समजूत घातली.

मग भाच्याने शेवटच्या फेऱ्यांचं सांगितलं. ताळेबंद, रोखे, कंपनीचं मूल्यांकन हे सगळं सुरुवातीलाच विचारून झालं होतं. पुढच्या साहेबांनी विचारलं, सुट्टीत काय करतोस? तो म्हणाला, ‘सेलूला शेतावर जातो. वेचणीला माणसं मिळत नाहीत, कापसाच्या मापाला मी लागतो.’ साहेबांनी मान हलवली. ‘ते ठीक, पण छंद? ट्रेकिंग, टेनिस?’ तिथून बोलणं सुकलंच. पुढच्या फेरीतही तोच सूर. नंतर बँकेने होकार कळवला नाही, नकारही नाही.

लॉरेन रिव्हेरा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2012 साली नेमकं हेच मांडलंय. इन्व्हेस्टमेंट बँका, बड्या वकिली आणि सल्लागार कंपन्या यांच्यासाठी माणसं निवडणाऱ्या 120 जणांशी त्या बोलल्या. ज्याचे छंद आणि राहणी आपल्यासारखी, तो उमेदवार निवडणाऱ्याला जवळचा वाटतो, आणि कधी कधी कामातल्या कौशल्यापेक्षाही त्याचंच पारडं जड होतं. हे वाचल्यावर माझं मत टिकलं नाही. दहाही जण एकाच वळणाचे असतील, तर पूर्वग्रह खोडला जात नाही, दहादा मोजला जातो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच अजय हसिया खटल्यात हा धोका ओळखला होता. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात एक तृतीयांश गुण तोंडी परीक्षेला होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न आईवडील कोण, राहतोस कुठे असे, ही मुलांची तक्रार. तोंडी परीक्षेला 15 टक्क्यांहून जास्त वजन मनमानी ठरेल, असं न्यायालयाने बजावलं. सरकारी बँकांतल्या अधिकाऱ्यांसाठीच्या आयबीपीएस पीओ भरतीत मुख्य परीक्षेला 80 टक्के वजन, मुलाखतीला 20, आणि मुलाखत एकच. ही पद्धत मला पूर्वी फार कोरडी वाटे. मुलाखतीचं वजन पंधराहून जास्त असलं, तरी आज तिचा आदर वाटतो, कारण वजन आधी जाहीर असतं आणि गुण पाहायला मिळतात.

मुलाखत नकोच, असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी 1950च्या दशकात इस्रायली सैन्यातल्या मुलाखतींसाठी सहा बाबी आधी ठरवल्या, प्रत्येकीचे प्रश्न ठरवले, एकीचे गुण मांडल्याशिवाय पुढे जायचं नाही असा दंडक घातला. मोकळ्या गप्पांवरच्या अंदाजापेक्षा हे गुण बरेच खरे निघाले.

आता पोरं सल्ला विचारतात तेव्हा मी सांगतो, पहिल्या फोनलाच विचारा: फेऱ्या किती, निकाल कधी, प्रवासखर्च कुणाचा. विचारलं तर नाव कापतील, अशी भीती त्यांना वाटते. कापतीलही. तरी विचारा, कारण दादरच्या पोराची एका फेरीला एक दुपार जाते, आणि आमच्या जिंतूरच्या पोराच्या दोन रात्री आणि एक दिवस.